कांथ्याचे चार कोपरे

गुरु. ६ मार्च
कांथ्याची क्रेट आली एकदाची. कोलकात्याहून निघून इतके दिवस कुठे लोळत होती देव जाणे. ओपनिंग २१ला, शुक्रवारी. आपल्या गॅलरीचा नियम असा की कापडाची कुठलीही वस्तू आली की आधी दोन आठवडे फ्रीझरमध्ये, मग भिंतीवर. आत किडामुंगी असेल तर मरते. पण हेलन म्हणाली, "सगळा शो टांगायलाच आठवडा जाईल, वेळ कुठंय? पेपर्स क्लिअर आहेत ना? स्किप इट."
हेलन क्युरेटर, मी रजिस्ट्रार. काय लावायचं ते ती ठरवते आणि सही माझी असते. पेपर्स क्लिअर आहेत कारण आयातीचे ते फॉर्म मीच भरलेत. कापूस, सुती दोरा. बी-बियाणं, धान्य, गवत, माती, लाकूड: नाही, नाही, नाही, नाही, नाही.
कांथा काढून टेबलावर पसरला. फोटोत पाहिला होता, पण समोर वेगळाच. सोळा जुन्या साड्या एकावर एक ठेवून शिवलेल्या. बाजूने राखाडी धाग्याची जहाजं, मध्ये वाडगे घेऊन बसलेली माणसं, शेकड्यांनी. त्रेचाळीसचा बंगालचा दुष्काळ. टाके आपल्या गोधडीसारखेच, फक्त दहापट बारीक. हेलन हळूच म्हणाली, "वाव." मग फोटो काढायला लागली.

शनि. ८ मार्च
कांथ्याच्या कलावंत शर्बाणीदींना एअरपोर्टवरून आणलं. साठीच्या. केस पोरासारखे कापलेले, खांद्याला झोळी, चाल अशी की मीच मागे राहत होते. गाडीत बसल्याबसल्या विचारलं, "मुग्धा, वो ठीक से सो रहा है ना?" मला आधी कळेना कोण. कांथा!
वेस्टमीडला सर्व्हिस्ड अपार्टमेंट घेतलंय त्यांच्यासाठी, गॅलरीपासून एकच स्टेशन. खिडकीतून हॉस्पिटलचं कार पार्क दिसतं. म्हणाल्या, "गुड. कम से कम सुंदर तो नहीं है."
आवडल्या मला. तोंडावर बोलणारी माणसं मला आवडतात, जोवर माझ्याबद्दल बोलत नाहीत.

सोम. १० मार्च
कंडिशन रिपोर्ट करत होते. म्हणजे वस्तूवरचं प्रत्येक भोक, डाग, उसवण कागदावर उतरवायची. साडेतीन तास. डाव्या खालच्या कोपऱ्यापाशी बोटाला काहीतरी टोचलं. गाठ असेल म्हणून पुढे गेले. परत मागे आले. ग्लव्ह काढला (काढायचा नसतो).
गाठ नाही. दाणे आहेत. दोन, कदाचित तीन. लांबट, टोकाला कुसळ.
मग बाकीचे तीन कोपरे चाचपले. तिथेही.
लहानपणी आईशेजारी बसून परातभर तांदूळ निवडलेत मी, माझी बोटं चुकत नाहीत. आणि हा तांदूळही नाही. सालीसकट आहे, साळ. पेरली तर उगवेल अशी.
रिपोर्टात कोपऱ्यांचा रकाना रिकामा ठेवला. दहा वर्षांत पहिल्यांदा. हेलन जाताना म्हणाली, "ऑल गुड?" आणि मी म्हणाले, "ऑल गुड." इतक्या सहज!

मंगळ. ११ मार्च
ट्रेनमध्ये लिहितेय. काल घरी गेल्यावर नितीनला सांगितलं. नवरा म्हणून सांगितलं, तो प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून ऐकत होता.
"किती दाणे?"
"दहाबारा असतील."
"उसव, काढ, फ्लश कर, शिव. डन."
"अरे मी लिहून दिलंय धान्य नाही म्हणून."
"मग आता नसेलच ना! झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि मुग्धा, पुढच्या महिन्यात आपली सिटिझनशिपची टेस्ट आहे. फॉल्स डिक्लरेशन वगैरे शब्द घरात आणू नकोस."
सकाळी ईरा कॉर्नफ्लेक्स खाता खाता म्हणाली, "मम्मा, जस्ट टेल देम." बापाने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनेच साळ आणली.
नितीनचं चूक नाही. या देशात सालीसकट धान्य आणणं किती महागात पडतं ते इथे आलेल्या प्रत्येक देशी माणसाला माहीत आहे. पहिल्या वर्षी एअरपोर्टवर माझी मेतकुटाची बाटली उघडून तीन माणसांनी वास घेतला होता. मी सांगितलं तर कांथा जप्त होऊ शकतो. जाळतातसुद्धा. नाही सांगितलं तर त्या कागदावर माझं नाव खोट्याखाली तसंच राहणार. इकडे आड, तिकडे विहीर.
वेस्टमीड गेलं. पुढे—

तोच दिवस, लंच
कॅटलॉगचं प्रूफ जानेवारीतच माझ्या हाताखालून गेलंय. आता परत काढून वाचलं. पान नऊ, दीदींचं मनोगत: कमलामाशींनी चारही कोपरे आशीर्वाद घालून बंद केले.
मी त्या वाक्यात काय केलं होतं? एक स्वल्पविराम घातला होता.
मला वाटलं, कलावंत असंच लिहितात. हेलनला तसं वाटलं असतं तर समजू शकते, तिच्याकडे आशीर्वाद म्हणजे कार्डावर छापलेली ओळ. पण मी? माझ्या लग्नात मंगलाष्टकांना डोळ्यांत अक्षता जाऊन अर्धा तास डोळा लाल होता. आपल्याकडे आशीर्वाद म्हणजे तांदूळ, हे मला ठाऊक नाही? वाक्य इंग्रजीत होतं म्हणून मी ते इंग्रजी डोक्याने वाचलं. दहा वर्षं फॉर्म भरून भरून माझं हे झालंय. लाज वाटतेय, खरंच.

बुध. १२ मार्च
कामावरून थेट दीदींकडे. चहा केला त्यांनी, दूध न घालता, विचारलंही नाही. मी सरळ विचारलं, कोपऱ्यांत काय आहे.
"धान," म्हणाल्या, अगदी सहज. "धान और दूर्बा. दूर्बा तो सूख के धूल हो गया होगा. क्यूं?"
"मी ईमेलमध्ये विचारलं होतं ना, सीड आहे का, ग्रेन आहे का? तुम्ही लिहिलंत, ओन्ली कॉटन."
"तुमने सीड पूछा था. ये सीड थोड़ी है? आशीर्वाद है."
आणि हसल्या. मग माझं तोंड बघून थांबल्या.
कमलामाशींचं सांगितलं (माशी म्हणजे मावशी). मेदिनीपूरकडच्या गावातल्या, ऐंशी ओलांडलेल्या. कांथा अकरा बायकांनी मिळून शिवला, पण कोपरे बंद करायला त्याच. दार लोटून, एकट्या, मनाशी काहीतरी म्हणत. त्या दुष्काळात त्यांच्या आईच्या कडेवर होत्या त्या. दोन भाऊ गेले. किती दाणे घातले विचारलं तर दीदी म्हणाल्या, "गिनते नहीं. गिन लिया तो हिसाब हो जाता है."
मी नियम सांगितला. सालीसकट भात या देशात येऊ शकत नाही, एक दाणासुद्धा. कीड येते, रोग येतो, इथल्या भातशेतीला धोका.
दीदी उठून खिडकीशी गेल्या. मग म्हणाल्या, "इस देश का गेहूं जहाजों में भर के हमारे सामने से निकल गया, मुग्धा. हमारे लोग किनारे पे मर रहे थे. और मेरा दस दाना धान इधर नहीं आ सकता?"
वाक्य असं होतं की हेलनने भिंतीवर लावलं असतं. राग आला. त्यांच्या दुष्काळाचा नाही, कुणाला येईल? राग या गोष्टीचा की वाक्य त्यांचं आणि सही माझी.
निघताना म्हणाल्या, "किसी को मत बोलना. तीन महीना टंगेगा, फिर घर जाएगा. कौन खोलता है कोना?"

गुरु. १३ मार्च
हेलनला सांगितलं. दीदी गप्प राहा म्हणाल्या तेव्हा त्यांना नाही म्हणाले होते का? नाही. हो पण म्हणाले नव्हते.
हेलनने दार लावलं. "तू पाहिलंस? की हाताला लागलं?"
"हाताला लागलं."
"मग ती गाठ असू शकते."
"हेलन, सालीसकट तांदूळ आहे तो."
"आय हिअर यू. बट इट कुड बी अ नॉट. लेट्स नॉट गेट अहेड ऑफ अवरसेल्व्ह्ज." आणि वर: "यू आर टायर्ड, मेट. आज लवकर जा घरी."
नवरा म्हणतो फ्लश कर, दीदी म्हणते गप्प बस, बॉस म्हणते गाठ आहे. बाहेर पडायचा रस्ता प्रत्येकजण दाखवतोय आणि प्रत्येक रस्ता सोपा आहे. मला एकटीलाच का जमत नाहीये? सदाशिव पेठेतल्या शाळेत मॉनिटर होते म्हणून?
घरी गेले नाही. स्टोअरमध्ये जाऊन कोपऱ्याखाली टॉर्च धरला. सोळा पदर असले तरी साड्या झिजून तलम झाल्यात, उजेड आरपार येतो. तीन दाणे दिसले, कुसळासकट. आणि खालच्या टिश्यू पेपरवर पिठासारखी भुकटी. तिच्यात एक सोंडकिडा, तांदळात होतो तो. मेलेला. पण मेलेला एक दिसला म्हणजे जिवंत कुठे असतील ते सांगता येत नाही, हे कुठलीही गृहिणी सांगेल.
स्टोअरमध्ये पलीकडच्या फळीवर पॉसम या इथल्या प्राण्याच्या कातड्यांचा झगा आहे. इथल्याच मूळ लोकांच्या एका कुटुंबाने विश्वासाने दिलेला, पुढच्या प्रदर्शनासाठी. सोंडकिडा कातडं खात नाही म्हणे. पण भुकटीवर दुसरं काय काय येतं. खात्री कुणी द्यायची त्यांना? हेलनने?
कांथा जाड पॉलिथिनमध्ये घालून सगळ्या कडा टेपने बंद केल्या. मग हात धुतले. परत धुतले.

शुक्र. १४ मार्च
सकाळी कळवलं. बायोसिक्युरिटीच्या, म्हणजे बाहेरची कीड अडवणाऱ्या खात्याच्या लाइनवर, स्वतःच्या नावाने. पलीकडची मुलगी इतकी गोड बोलत होती की पिझ्झा ऑर्डर केल्यासारखं वाटलं. इन्स्पेक्टर सोमवारी येणार. तोवर खोली बंद, कांथ्याला हात नाही.
हेलनला ईमेल केला. उत्तर एका शब्दाचं: राइट.
दीदींना मात्र समोर जाऊन सांगितलं. तेवढं देणं लागत होते.
ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "मैं तीस साल से ये काम कर रही हूं. हर जगह कोई न कोई होता है जिसके पास कागज होता है. गोरा हो तो लड़ना आसान है. तुम हमारे जैसी हो के उन्हीं का काम कर रही हो."
मी म्हणाले, "माझ्या खोट्यावर तुमचं खरं टांगणार होता का तुम्ही?"
म्हणाले आणि निघाले. लिफ्टमध्ये रडू आलं. मग कार पार्कमध्ये व्यवस्थित रडले, तिकीट लावून. मी त्यांची बाजू घेतली नाही असं नाही. दोन्ही बाजूंनी बरोबर असणारं भांडण मला कधी जमलेलं नाही.
नितीनला फोनवर सांगितलं. म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण." मग थोड्या वेळाने स्वतःच फोन केला, "जेवलीस का?"

रवि. १६ मार्च
क्वेकर्स हिलला, आमच्या घरी, धुणं, भाजी, ईराचं स्विमिंग. दीदींना दोन मेसेज. पाहिले, उत्तर नाही.
जाळतात का हे गुगल करायचं नाही असं ठरवलंय. तीनदा केलं.

सोम. १७ मार्च
इन्स्पेक्टरचं नाव ग्रेग. गुडघ्यापर्यंत मोजे, हातात सीलबंद पिशव्या. त्याने टॉर्च लावून चारही कोपरे पाहिले, बराच वेळ. "हू स्टिच्ड दिस? माय नॅन वुड हॅव लव्ह्ड इट." आणि मग त्याच सुरात पर्याय सांगितले. एक, जसाच्या तसा परत पाठवा. दोन, नष्ट करा. तीन, त्याच्यासमोर कोपरे उसवून दाणे बाहेर काढा, दाणे तो नेणार, आणि कापड तीन दिवस त्यांच्या उणे तीसच्या फ्रीझरमध्ये. शुक्रवारी सकाळी परत.
माझ्या डिक्लरेशनचं काय? "यू रिपोर्टेड इट युअरसेल्फ. दॅट गोज इन द नोट्स." बरं की वाईट ते सांगितलं नाही त्याने.
निर्णय मालकाचा, म्हणजे दीदींचा. त्या आल्या होत्या, भिंतीशी उभ्या. झोळी छातीशी धरलेली. मला वाटलं, परत पाठवा म्हणणार. मीही तेच केलं असतं बहुतेक. पण त्या म्हणाल्या, "निकालो. लेकिन मैं नहीं निकालूंगी." हेलन म्हणाली, जुन्या वस्तूंची डागडुजी करणारा कॉन्झर्व्हेटर या आठवड्यात मिळत नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मी उसवलं. बारीक कात्री, चिमटा. कमलामाशींचा टाका सगळ्यांपेक्षा वेगळा, लहान, दर चौथ्यावर उलटा मारलेला. मुद्दाम सहज सुटू नये असा. धागा तुटू न देता काढायला एका कोपऱ्याला चाळीस मिनिटं लागली. धागे कागदात गुंडाळून नावं घातली: डा.खा., डा.व., उ.खा., उ.व.
साळीसोबत दूर्वेची हिरवट धूळ, थोडं कुंकू. ग्रेगने सगळं ब्रशने झाडून पिशवीत भरलं. त्याला दाण्यांची संख्या लिहावी लागते. त्याने मोठ्याने मोजायला सुरुवात केली तेव्हा दीदी खोलीबाहेर गेल्या.

मंगळ. १८ मार्च
भिंत रिकामी. हेलन पाहुण्यांच्या यादीत बुडालीय, माझ्याशी फक्त कामापुरतं. जूनमध्ये माझं काँट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय. बघू.
दीदी दिवसभर रिकाम्या भिंतीसमोर स्टूल टाकून बसल्या होत्या. चहा नेऊन दिला, दूध न घालता. घेतला.

गुरु. २० मार्च
दुपारी दीदींनी बोलावलं. फोन हातात. कमलामाशींच्या नातवाचा व्हिडिओ कॉल, तिकडे सकाळ, मागे कोंबड्या. दीदींनी चार दिवस धीर केला नव्हता, आज सगळं सांगून टाकलं. बंगालीत, भराभर. मला दहातले चार शब्द कळत होते. वाटलं, म्हातारी आता मला शिव्या देणार.
माशींनी शांतपणे ऐकून घेतलं. पान लावत होत्या. मग जे म्हणाल्या ते दीदींनी मला हिंदीत सांगितलं.
म्हणे, काढलं तर काढलं, एवढं काय त्यात. धानाला कीड लागली होती तर काढायलाच हवं होतं, तू काय तशीच भिंतीवर लावणार होतीस? दीदींचा चेहरा! साठीच्या बाईला आईने झापावं तसा.
मग विचारलं, कोणी काढलं? दीदींनी कॅमेरा माझ्याकडे वळवला. माशींनी फोन डोळ्यांजवळ नेला, मला नीट पाहिलं. मी नमस्कार केला. बोलल्या काहीतरी, दोन वाक्यं.
"क्या बोला?"
दीदींनी कॅमेरा परत स्वतःकडे वळवला. मग: "बोल रही है, जिसने खोला वो ही बंद करे. और खाली मत बंद करना. खाली कोना किसी को ओढ़ाते नहीं."
"रिकामा नको, पण मग मी काय घालू? माशींना विचारा ना."
विचारलं. माशी हसल्या, दात नव्हते. दीदी म्हणाल्या, "बोलती है, तुम्हारे घर में भी तो आशीर्वाद देते होंगे."

शुक्र. २१ मार्च
नऊला कांथा परत आला. गार, पण ठीक. ग्रेगचा कागद सोबत: कुठलाही वनस्पतिजन्य पदार्थ नाही. कोपरे शिवून झाले की त्याखाली मी सही करायची, फोटो काढून पाठवायचा, मगच टांगायला परवानगी.
हेलनला विचारलं, इथल्या दुकानातला साधा तांदूळ, साल काढलेला, पाकिटातला? म्हणाली, "मुग्धा. नो. नो फूड. नॉट आफ्टर धिस वीक." बरोबर आहे तिचं, तो नियम मीच तीन वर्षांपूर्वी लिहिलाय.
दीदी समोरच्या स्टुलावर. सुईत धागा त्यांनीच ओवून दिला, माशींचाच, डा.खा. लिहिलेला. चष्मा नसताना पहिल्या फटक्यात ओवला. म्हणाल्या, "मैं देखूंगी नहीं. तुम जो डालो." आणि खरंच भिंतीकडे तोंड करून बसल्या.
हळद? वनस्पती. कुंकू? तेही हळदीचंच. फूल, सुपारी, दूर्वा, खोबऱ्याचा तुकडा. एकेक आठवतेय आणि एकेक खोडतेय. जे जे आईने मला कधी दिलं, ते सगळं उगवणारं होतं किंवा खाता येणारं.
बारा वाजत आले. सहाला लोक येणार. टांगायला दोन माणसं शिडी घेऊन दारात थांबलीत. हेलन दोनदा डोकावून गेली, "आर वी गुड?"
कोपरा डाव्या हातात धरलाय, उघडा. आत चार बोटांची जागा आहे. कागदावर सही केली तर तो रिकामा शिवावा लागेल, आणि रिकामा शिवायला माझा हात होत नाहीये. तांदळाशिवाय आशीर्वाद कसा देतात, मला येत नाही.